कळव्याचे धुराडेवाले गवंडी

“आधी धूर बघू, मंग बोलू,” असं म्हणून ते भिंतीवर तळहात टेकवायचे आणि वैद्य नाडी पाहतो तसे डोळे मिटायचे. तेवढ्यात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

ते कळव्याचे गवंडी. ठाण्यातल्या जुन्या घरांच्या चुली आणि धुराडी तपासायला लोक त्यांनाच बोलवत. बंडीच्या खिशात एक फुटका आरसा असे. चुलीच्या तोंडाशी उताणे पडून ते तो आत धरत आणि धुराड्यातून आभाळ दिसतं का, ते बघत. एकदा मी विचारलं, “काय दिसलं?”

“कावला. वरशी माज्याकडंच बघतंय.”

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी शाळेत मास्तर होतो आणि एका जुन्या बंगल्याचा तळमजला भाड्याने घेतला होता. स्वयंपाकघरात भिंतीतच बांधलेली मोठी चूल होती. तिचं धुराडं वरच्या मजल्याच्या भिंतीतून छपरावर गेलेलं. ती कित्येक वर्षं पेटली नव्हती. रविवारी मुलीचं बारसं, पन्नास पानं व्हायची होती, लाकडं येऊन पडली होती. घरमालक म्हणाले, “खुशाल पेटवा, पूर्वी रोज पेटायची.” पण बायको अडून बसली, “आधी त्या गवंड्यांना दाखवा.”

शुक्रवारी सकाळी ते आले. आरसा लावला, भिंत ठोकली, मग चुलीत ओला पेंढा पेटवला. छपरावरून धूर झकास निघाला. मी खूश होऊन म्हणालो, “झालं ना?”

ते जिना चढून वर गेले. मीही मागोमाग गेलो. वर एका कंपाउंडरचं बिऱ्हाड होतं. भिंतीला लागून त्यांच्या तान्ह्या मुलाचा पाळणा. गवंड्यांनी पाळणा अलगद बाजूला केला आणि भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागच्या भेगेतून धुराची बारीक रेघ निघत होती.

“गुरजी, चूल पेटली आसती तं या पोरानं दिसभर धूर खाल्ला आसता.”

त्यांनी तिथल्या दोन विटा काढल्या. आत तुळईचं टोक थेट धुराड्यात शिरलेलं, जळून कोळसा झालेलं. त्याच तुळईवर वरची सगळी जमीन उभी होती.

आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी म्हणालो, “फक्त रविवारपुरती पेटवली तर?”

त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “आगीला रविवार कलतो काय?”

दुसऱ्या दिवशी न बोलावता ते आले आणि अंगणात विटांची तीन तोंडांची चूल मांडून दिली. रविवारी स्वतःच जाळ सांभाळत बसले. शेवटची पंगत उठेपर्यंत जेवले नाहीत. बारशाची मुलगी बघायला आले तेव्हा काजळीचे हात पाठीमागे धरून उभे राहिले. बायकोने ती त्यांच्या हातात दिलीच. पांढऱ्या झबल्यावर काळं बोट उमटलं. ते ओशाळले. बायको हसून म्हणाली, “असू दे, तीट लागली.”

पुढे तुळई बदलून ते धुराडं त्यांनीच नव्याने बांधलं. वरचा पाळणा पुन्हा त्याच भिंतीशी गेला.

काही वर्षांनी आम्ही डोंबिवलीत एक जुनं घर घेतलं. त्याचीही चूल दाखवायची म्हणून मी कळव्याला गेलो. दारात त्यांची सून आली. म्हणाली, “मामा श्रावणात गेलं. बसा, चहा करतंय.”

घरात पाऊल टाकलं आणि माझे डोळे झोंबू लागले. कोपऱ्यात चूल पेटलेली होती, आणि तिला धुराडंच नव्हतं. धूर कौलांखाली दाटून राहिलेला. माझी नजर तिथे खिळलेली पाहून सून पदराने वारा घालत म्हणाली, “दरसाल म्हनायचं, यंदा बांधतंय. तवर कुनीतरी बोलवाला यायचा.”

मीही त्यांना बोलवायलाच आलो होतो.