आत्याशिवाय बारसं नाही

माणसाच्या तोंडाआधी त्याचा कान बघणारा गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आम्ही लातूरला, ते नांदेडला. पण लग्नकार्यात गाठ पडली की साडूभाऊ रामराम करायच्या आधी पाहुण्यांच्या कानाच्या पाळ्या न्याहाळत फिरतात. त्यांच्या घराण्यात पाळी गालाला चिकटलेली असते, असा त्यांचा सिद्धांत. मुदखेड स्टेशनावर चहा पिणाऱ्या एका परक्या माणसाला त्यांनी असंच गाठलं. "पाहुणे, हा कान आमचा हाय. तुमच्याकडं कसा आला?" तो बिचारा कानावर हात ठेवून मागे सरला. चौकशी रंगात आली आणि आमची गाडी निघून गेली.

या वेडाला कारण होतं. त्यांच्या घरात तीन पिढ्या नुसते मुलगेच. शेवटची लेक म्हणजे त्यांच्या आजोबांची बहीण. भावाच्या लग्नात मानाचं लुगडं मिळालं नाही म्हणून ती रुसली आणि नवऱ्याबरोबर तेलंगणाकडे निघून गेली, ती परत फिरकलीच नाही. घरात तिचं नाव काढायची बंदी झाली. पुढे ते नाव कुणाला आठवेनासंही झालं. आणि अशा घरात गेल्या वर्षी साडूभाऊंना नात झाली! त्यांनी अर्धापूरच्या केळ्यांचे घडच्या घड वाटले आणि जाहीर केलं, "आत्याशिवाय बारसं न्हाई." बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे खरं, पण बाळाचा बाप एकुलता एक. शेजारची कुणी आत्या म्हणून बसवू, असं मेहुणीनं सुचवलं, तर हे कडाडले, "भाड्यानं आत्या? आपल्या घरात?" बिनानावाची पोर पालथी पडली, बसायला लागली, तिला दोन दात आले. सून तोंड फुगवून बसली.

मग घराण्यातल्या हरवलेल्या लेकीच्या वंशाचा शोध सुरू झाला. आधी कागद झाले. कचेरीतले निजामाच्या काळातले उर्दू दस्त काढले, ते वाचायला एक निवृत्त उर्दू मास्तर पकडले. वंशावळ सांगत फिरणारा हेळवी आला, त्याला ज्वारीचं पोतं दिलं. बापाचा बाप, त्याचा बाप, सगळे रांगेनं सापडले. लेक एकही नाही. "पोरी जन्मल्याच न्हाईत का काय आमच्यात?" म्हणून साडूभाऊ खरोखर चिडले. कागदांनी हात टेकले, तेव्हा ते थुंकीकडे वळले. डीएनए तपासायला नळीत थुंकायचं, आणि त्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. साडूभाऊंच्या तोंडात तंबाखू नाही असा अर्धा तास आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. पहिली नळी नापास झाली. दुसऱ्या वेळी मेहुणी डबी कमरेला खोचून समोर बसली. हौसेनं त्यांनी तिचीही नळी पाठवली. निकाल आला: नवरा-बायको जवळचे नातेवाईक. "हे सांगायला अमेरिका लागती व्हय?" मेहुणी म्हणाली. "मी तुमच्या मामाचीच पोरगी हाय की!"

पण त्याच निकालात खाली एक अनोळखी नातेवाईक निघाला. मूळचा तेलंगणातल्या बोधनचा, आता परदेशात. विचारल्यावर कळलं, त्याच्या पणजीचं माहेर कंधारकडचं, म्हणजे साडूभाऊंच्याच मूळ गावाकडचं, आणि त्याची थोरली बहीण अजून बोधनलाच, शाळेत शिक्षिका. हिशेब लावला तर ती बाळाच्या बापाची लांबची बहीण. म्हणजे आत्या! साडूभाऊ त्या दिवशी आनंदानं तंबाखूही विसरले.

ती बारशाला आली. साडूभाऊंनी दारातच तिचा कान पाहिला. पाळी चांगली सुटी, लोंबती होती. त्यांनी सिद्धांत उंबऱ्याबाहेरच टाकला आणि तिला आत घेतलं. तेलुगू हेलाच्या मराठीत ती म्हणाली, "पणजी शेवटपर्यंत म्हणायची म्हणे, माझा भाऊ येतो न्यायला." साडूभाऊ आत गेले आणि हिरवं इरकली लुगडं घेऊन आले. "घे माय," ते म्हणाले, "लई उशीर झाला." तिनं ते डोळ्यांना लावलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "नाव काय होतं गं तिचं?"

ती पाळण्यात वाकली आणि तिनं ते नाव बाळाच्या कानात सांगितलं. गोदा. "कुर्रर्र" झालं, बायकांनी आत्याच्या पाठीवर रीतीप्रमाणे धपाटे घातले आणि ती हसत हसत रडली. सुनेनं मोबाइलवर शोधून ठेवलेलं नाव राहूनच गेलं. पण सगळ्यात आधी डोळे तिनंच पुसले.

साडूभाऊ आता कुणाचे कान बघत नाहीत. लग्नात भेटले की विचारतात, "तुमच्या आजोबांच्या बहिणींची नावं काय?" परवा मलाही विचारलं. मला एकही सांगता आलं नाही.