ताईची गाणी आणि माळ्यावरचं मशीन

आमची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा जाताजाता कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची नेली. मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात होतो, म्हणून एक जुना ३८६ कॉम्प्युटर मागून घेतला. तो मागायला दुसरं कुणीच नव्हतं. नव्वदचं दशक अर्ध्याहून जास्त उलटलं होतं आणि बाजारात त्याची नातवंडं येऊन दाखल झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच कंपनीच्या टूलरूममधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ते धूड दारातून आत येताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बंद पडलेल्या कंपनीतली वस्तू घरात आणू नये." मी ऐकलं नाही. मी त्यांचं फारसं ऐकत नसे, आणि तेही माझं ऐकत नसत.

आम्ही राहायला बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात अण्णा, ताई आणि मी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवायची. लग्न तिने केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. रविवार उजाडला की ती पिशवी खांद्याला लावून बारवी धरणाकडच्या वाड्यांवर निघायची. तिथल्या बायका भात लावताना, लग्नात जी गाणी म्हणतात ती वहीत उतरवून घ्यायची. टेपरेकॉर्डर पुढे ठेवला की बायका गप्प होतात, म्हणून वहीच. एका म्हातारीकडे ती सगळ्यात जास्त जायची. हळदीपासून पाठवणीपर्यंतची लग्नाची सगळी गाणी त्या म्हातारीला क्रमाने येत होती, आणि आसपासच्या कुठल्याच वाडीवर तेवढी येणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं. ताईला त्याचं पुस्तक करायचं होतं. आयुष्यात तिने मागितलेली तेवढी एकच गोष्ट. मला तेव्हा तो रिकामपणचा छंद वाटायचा.

एका पावसाळ्यात नदी घरात आली. गुडघ्याच्या वर पाणी, आणि ताईच्या वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर तिने दोन्ही खोल्यांत दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालावेत तशी पानं चिमटे लावून वाळत घातली. शाई पसरली होती. जे वाचता येत होतं ते तिने माझ्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, आणि जे पुसलं गेलं होतं ते पुन्हा वाडीवर जाऊन म्हातारीकडून घेतलं. ह्यात वर्ष गेलं. वह्यांना पुढे बुरशी धरली, वास मारायला लागल्या, तेव्हा आम्ही त्या टाकून दिल्या.

नोकरी गेल्यावर मी घरीच टायपिंगची कामं घेत होतो. बाहेरच्या खोलीत कामासाठी घेतलेला माझा नवा कॉम्प्युटर, आतल्या खोलीत ताईसाठी घेतलेला दुसरा, आणि प्रिंटर एकच, माझ्याजवळ. ताई फ्लॉपी हातात घेऊन दिवसातून दहा वेळा बाहेर यायची, आणि मी कामात असलो की तिच्यावर खेकसायचो. मग मीच उपाय काढला. जुना ३८६ माळ्यावर ठेवायचा, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवायची आणि दोन्ही कॉम्प्युटर केबलने त्याला जोडायचे. प्रिंटरही त्यालाच. म्हणजे दोघांच्या फाइली एका जागी राहतील, आणि आपापल्या खुर्चीवरून कुणालाही छापता येईल. कंपनीत ह्याला सर्व्हर म्हणायचे. कुणाच्या घरात असला प्रकार मी तोवर पाहिला नव्हता, आणि आपण तो करतोय म्हणून माझी मान जरा ताठ झाली होती.

केबल जोडायला लागणाऱ्या नेटवर्क कार्डांसाठी उल्हासनगरला गेलो. कॅम्प चारमध्ये एक सिंधी दुकानदार जुन्या सुट्या भागांचे ढीग लावून बसायचा. ३८६ साठी म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साईं, उसको अभी आराम करने दो. नया लेके जाओ."

"नया नहीं चाहिए. यही चलाना है."

"चलाओ, चलाओ. बस गारंटी मत मांगना."

तीन कार्डं लागत होती, मी पाच आणली आणि त्यातली तीन चालली. दोन रविवार माळ्यावर पोटावर पडून धूळ खाल्ली तेव्हा कुठे ते जमलं. ताईने आतल्या खोलीतून पहिलं पान छापलं, बाहेर येऊन प्रिंटरमधून निघणारा कागद पाहिला आणि हसली. ती पुढच्या रविवारी ते पान घेऊन वाडीवर गेली, म्हातारीला वाचून दाखवलं, चुका पेन्सिलीने सुधारून आणल्या. मग तिची तशी पद्धतच पडली. दुरुस्त्या टाइप झाल्या की त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती शाळेची टाचणं लिहायची आणि शाळेत देऊन टाकायची.

माळ्यावर पाणी कधी पोचणार नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. तरी ती प्रत्येक गाणं फ्लॉपीवरही ठेवायची, वर बारीक अक्षरात नाव लिहून, एका पत्र्याच्या डब्यात. मला तो माझ्या मशीनचा अपमान वाटायचा. एकदा मला गिऱ्हाइकांसाठी फ्लॉप्या कमी पडत होत्या तेव्हा म्हणालो, "ताई, ह्यांनाही एक दिवस बुरशी धरणार आहे. वर आहे ना सगळं? हा डबा मला दे."

तिने डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "तू सांगतोस म्हणून देते," एवढंच म्हणाली.

मी त्या फ्लॉप्या एकामागून एक कोऱ्या केल्या. हे लिहिताना अजूनही मला स्वतःची लाज वाटते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हा अण्णांचा जन्मभराचा नेम. कंपनीत त्या दिवशी टूलरूममधली सगळी यंत्रं बंद ठेवून, पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून ठेवत. निवृत्तीनंतर घरी पाटावर त्यांच्या कानशी, मायक्रोमीटर मांडले जायचे, बाजूला आईचं शिवणयंत्र. माळ्यावरच्या मशीनकडे ते ढुंकून बघत नसत. मीच एकदा त्यांना डिवचायला म्हणालो, "अण्णा, ते वर रात्रंदिवस राबतंय, त्याची नाही होय पूजा? तेही हत्यारच की." ते कानस पुसत राहिले. पण त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी टाइप केलेलं काम पोचवायला अंबरनाथला गेलो होतो. ताईला सुट्टी होती. सगळी गाणी जुळवून एक मोठी फाइल करायची आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पुस्तकाची पहिली पूर्ण प्रत छापायची, असा तिचा बेत होता. ती आतल्या खोलीत फाइली इकडून तिकडे हलवत बसली होती. बाहेर अण्णा स्टुलावर चढले. मशीन फडक्याने पुसलं. चालू यंत्राची पूजा करत नाहीत, म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं. मग गंध लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. त्यांच्या परीने त्यांनी सगळं यथासांग केलं. खाली उतरून त्यांनी आत डोकावलं आणि ताईला विचारलं, "माळ्यावरच्याची झाली. आता तुझ्यासमोरच्याची करू का?"

तोवर ताईच्या पडद्यावर सगळं थांबलं होतं. काय झालं ते तिला कळलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. पण अण्णांच्या हातात तबक होतं.

"करा," ती म्हणाली.

मी दुपारी परत आलो. मशीन चालू केलं तर, फाइली हलवतानाच मध्ये वीज तुटल्यामुळे, गाण्यांची एकही फाइल जागेवर दिसेना. शहाण्या माणसाने तिथेच हात आवरला असता, डिस्क काढून कुणा जाणकाराकडे नेली असती. पण मी पडलो कंपनीतला कॉम्प्युटरवाला, मला कोण शिकवणार? मी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. तो प्रत्येक पायरीवर विचारत होता, दुरुस्त करू का, आणि मी न वाचता होकार देत गेलो. शेवटी हातात आल्या त्या शेकडो बिननावाच्या लहान लहान फाइली. गाण्यांचे तुकडे झाले होते आणि कुठला तुकडा कशाचा ते त्यांच्यावर लिहिलेलं नव्हतं. बरेचसे तर गेलेच होते.

"सगळं छाप," ताई म्हणाली.

प्रिंटर दोन दिवस करकरत होता. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांना पाय ठेवायला फरशीवर जागा नव्हती, त्यांनी दारातूनच आपट्याची पानं दिली. ताई कात्रीने ओळी कापून लावत होती. डोंगराआडच्या दिव्याची एक ओळ असायची, आणि तिच्यापुढे भलत्याच गाण्यातली सासूच्या पेजेची ओळ आलेली. "ही हिची नाही," असं पुटपुटत ती पट्टी बाजूला ठेवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलायची. दहा वर्षांत तिने इतकं ऐकलं होतं की एका बाईचं गाणं दुसरीच्या गाण्यात मिसळत होतं. मी बाजूला बसून राहायचो. मदत करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "हे काय मांडलंय?"

ताईने मान वर केली नाही. "मशीन बिघडलं, अण्णा. जुनंच होतं ते."

अण्णा माझ्याकडे वळले. "तरी मी सांगितलं होतं. भंगार उचलून आणलंस आणि त्याच्या भरवशावर पोरीचं काम ठेवलंस. काही वाटतं का तुला?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. नंतर स्वयंपाकघरात मात्र मी तिच्यावर चिडलो.

"बटण कुणी बंद केलं? मी का ऐकून घ्यायचं?"

ती तांदूळ निवडत होती. "सत्तरी उलटलेल्या माणसाला हे सांगून तुला काय मिळणार आहे? आणि फ्लॉप्या कुणी पुसल्या?"

 अण्णा त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत, ते अखेरपर्यंत. मला त्यांचा राग यायचा आणि राग आल्याची शरमही वाटायची.

ताईची दहावीच्या पूर्वपरीक्षेची कामं उरकल्यावर, माघात, मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर वाडीवर गेलो. एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. वाटेत ताई बऱ्याच महिन्यांनी मोकळेपणाने बोलली. "लग्नाची गाणी तर एकट्या म्हातारीची. चार-पाच रविवार बसले की पुन्हा उतरवून होतील. ती आहे तोवर काही गेलेलं नाही."

म्हातारी दिवाळीनंतर वारली होती. आम्हाला कळवणार कोण, आणि कसं? तिची नात अंगणात भांडी घासत होती. तिने हात धुतले, गोणपाट अंथरलं, कोरा चहा केला. ताईने कप खाली ठेवला. मग तिने विचारलं, "आजीची लग्नाची गाणी तुला येतात ना?"

"आमाला कुठं येतात, बाई."

"आजीने शिकवली नाहीत?"

"मी म्हनलं व्हतं, शिकव. तर म्हनली, कशाला डोक्याला ताप? बाईंच्या मिशनीत घातलीत समदी, आता ती कुठं जात नाय." नात पदराने हात पुसत होती. "बहिनीचं लगीन हाय वैशाखात. तवा लागतील. कागद द्याल ना, बाई?"

मी खाली बघत होतो. ताई म्हणाली, "देईन."

घरी आल्यावर ती पुन्हा त्या पट्ट्या घेऊन फरशीवर बसली. जिथे ओळ सापडत नव्हती तिथे तिने स्वतःची ओळ लिहिली. त्यांच्याच चालीत, त्यांच्याच बोलीत. इतकी वर्षं कान देऊन ऐकल्यावर ते तिला जमलं. हळदीचं गाणं अर्धं तिचं झालं, पाठवणीचं तर जवळजवळ सगळंच. मी ते मोठ्या अक्षरांत छापून दिलं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी बरं झालं.

वैशाखात आम्ही दोघं लग्नाला गेलो. नात चौथीपर्यंत शिकलेली, ती कागदावरून एकेक ओळ म्हणायची आणि मागून बायका उचलायच्या. मांडवाच्या खांबाला टेकून एक खूप म्हातारी बाई डोळे मिटून ऐकत होती. हळद झाल्यावर ताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, बरोबर म्हटली का गाणी?"

"व्हय की," ती आजी म्हणाली. "माझ्या लग्नात हीच म्हनली व्हती. ह्यातला सबुद न् सबुद."

ताई जेवायला थांबली नाही. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना तिने मला सांगितलं, की आता त्यांचं कुठलं आणि तिचं कुठलं हे सांगणारं जगात कुणी राहिलं नाही, आणि असलं पुस्तक ती करणार नाही. मी म्हणालो, तू तरी सांगू शकतेस. ती म्हणाली, "आज ऐकल्यावर मलाही नाही सांगता येणार."

त्यानंतर रविवारी ती घरीच असायची. अण्णा पेपर वाचतावाचता मधूनच विचारायचे, "पुस्तक कुठवर आलं गं?" आणि ताई सांगायची, "चाललंय, अण्णा."