निशाण हातात आलं तेव्हा

घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. चाळीस वर्षं मी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माईकवर बोललो. आळ्यापासून अवसरीपर्यंत यात्रा कुठलीही असो, गाडा सुटला की माझं 'भिर्रर्र' घुमायचं. लोक मला नावानं कमी आणि 'आवाज' म्हणूनच जास्त हाक मारत. आता हॉटेलातला वेटर मला सोडून बायकोला विचारू लागला, "मावशी, यांना काय आणू?" राग यायचा, पण राग काढायलाही आवाज लागतो.

यंदा गावच्या यात्रेला मी जाणारच नव्हतो. बायकोनं रेटलं, "आवं, देवाला तर तोंड दावा." भैरवनाथापुढं उभा राहिलो आणि मनातल्या मनात भांडलो. आवाज तुझ्याच दारात झिजवला, तोच घेतलास. आता मी कोण, तेवढं तरी सांग. देव काही बोलला नाही. म्हटलं, दोघं सारखेच झालो, आणि घराकडं निघालो.

वाट घाटावरूनच होती. शर्यत थांबलेली. बैल रेषेवर आले की निशाण पाडायचं, त्यावर घड्याळ सुरू होतं. ते पाडणारा माणूस उन्हानं चक्कर येऊन पडला होता, आणि त्याच्या जागी कोण, यावरून गाडामालक हमरीतुमरीवर आले होते. मला पाहून कुणीतरी ओरडलं, "आवाज, तुमीच सांगा!" मी गळ्याकडं बोट केलं. तेवढ्यात गर्दीतला एक अनोळखी म्हातारा म्हणाला, "मग ह्यांनाच द्या की निशाण. ज्याला बोलता येत न्हाई, त्याच्याशी भांडणार कोण, राव?" सगळे हसले. मीही हसलो, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

दिवसभर रेषेवर उभा होतो. हात बरोबर पडत होता; इतकी वर्षं बैलांच्या पावलांवर नजर ठेवूनच तर बोललो होतो. शेवटच्या बारीला, शेवटचा गाडा सुटला तेव्हा, गर्दी गरजली, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरले. ती आरोळी दरवर्षी मीच द्यायचो, पण माझ्याच भोंग्याच्या गोंगाटात लोकांचं उत्तर मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्याला शोधलं, सापडला नाही. गेला असेल एसटीनं. बायको म्हणते, तो नाथच होता. मी वाद घालत नाही. नाथाचे आभार मानायला पुन्हा देवळात गेलो आणि सकाळचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

परतताना फाट्यावर चहाला थांबलो. वेटरनं बायकोलाच विचारलं, "यांना काय आणू?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडून हसलो: जे आणशील ते.