चर्चच्या पायरीवरच्या चपला

पिंपरीच्या आमच्या कॉलनीत समोरच्या खोलीतल्या बाईंचा मला फार हेवा वाटायचा. नळाला हंडा लावला की त्या सुरू, "अगं बाई, काय ते गोव्याचं चर्च!" दोन्ही हात असे उंच करून सांगायच्या, की हंडा भरून वाहिला तरी भान नाही.

आता कंपनीच्या ज्या सहलीत त्यांनी ते पाहिलं, तिला मीसुद्धा होते बरं का! पण देवाचं ठिकाण म्हणून आम्ही बायकांनी सवयीनं पायरीवरच चपला काढल्या आणि राखायला मला बसवलं. माझ्यासमोरून माणसं खुशाल बूट घालून आत जात होती. बायका बाहेर आल्या तोवर बस सुटायची वेळ झाली.

पुढं एकदा नव्या बिऱ्हाडकरणीपुढं मीच ठोकून दिलं, "आत सगळं सोन्यानं मढवलेलं, खांबसुद्धा!" बघते तर मागं ह्या समोरच्या बाई उभ्या. मेले, म्हटलं. तर त्या हंडा उचलत म्हणाल्या, "हो ना वहिनी, वर छताकडं बघा म्हणून मला तुम्हीच सांगितलंत."

त्यांच्या जागी मी असते, तर चपलांची गोष्ट सांगून मोकळी झाले असते. चर्चचं सोडा, त्या एका वाक्याचा हेवा मला अजून वाटतो.