वेळेआधी फेडल्याचा दंड

मी खुर्चीवर बसले आणि साहेबाने ड्रॉवरमधून सुगंधी फवाऱ्याचा डबा काढला. एकदा खोलीत मारला. मग माझ्या अंगावर. थेंब ओठांवर आले. शेजारच्या टेबलावरची मुलगी खुदकन हसली.

त्या दिवशी मी लिंबाने हात चोळून, पावडर लावून, लग्नातली साडी नेसून गेले होते. मासळी विकणारी बाई मी. नायगावला एका खोलीचा फ्लॅट घेतला, त्याचं कर्ज या फायनान्स कंपनीचं, माझ्या एकटीच्या नावावर. हप्त्याच्या वर चाळीस हजार जास्तीचे भरायला आले होते.

आमच्यात रीत आहे. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की घरात कुणाचं देणं ठेवायचं नाही. बर्फवाल्याचं, जाळीवाल्याचं, सगळ्यांचं मिटवायचं. सगळं नाही जमलं तर जमेल तेवढं. वेळेआधी दिलं तर बर्फवाला चहा पाजतो.

साहेबाने दंड कापला.

"मुदतीआधी पैसे भरता, मावशी. कंपनीचं व्याज बुडतं. दंड लागणारच. पैसा आलाय तर सोनं करा ना, तुमच्या बायका तेच करतात."

आणि मी काय केलं? हात जोडले. "चुकलं साहेब," म्हणाले. हे सांगताना आजही मला माझीच किळस येते. तीन वर्षं, दर उन्हाळ्याच्या शेवटी, मी गेले. फवारा अंगावर घेतला, दंड भरला, माफी मागितली. उशिरा देणाऱ्याला दंड असतो एवढंच मला ठाऊक. लवकर देण्यातही काही गुन्हा असेल, शिकलेली माणसं सांगतात म्हणजे असेलच, असं धरून चालले.

यंदा कर्जाचे कागद बाजारातच घेऊन बसले होते, तिथूनच जायचं म्हणून. पापडी गावातल्या एक टीचर माझं जुनं गिऱ्हाईक. बोंबील निवडता निवडता त्या कागद वाचायला लागल्या.

"मध्ये तुझ्या व्याजाचा दर वाढला होता?"

"वाढला की. हप्ते दोन वर्सं लांबले. साहेब बोलला, दर बदलता हाय."

"मग दंड कसला? घरकर्ज बदलत्या दराचं आणि माणसाच्या स्वतःच्या नावावर असेल, तर लवकर फेडल्याचा दंड घेताच येत नाही. नियम आहे. कुणी घेतला तुझ्याकडून?"

तक्रार त्यांनी तिथेच लिहिली. मी सही केली. मग बोंबलाचे दहा रुपये कमी करून घेऊन त्या गेल्या.

माझे कान तापले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर संन्यासीच तीन वर्षं चोराची माफी मागत होता.

तशीच गेले. टोपलीसकट. साहेबाचा हात ड्रॉवरकडे गेला.

"डबा आत ठेव," मी म्हणाले. त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"मावशी, हा मासळीबाजार नाही."

"नाय ना. बाजारात काटा गिऱ्हाइकाच्या समोर असतो. कोनत्या कलमात दंड हाय ते लिवून दे. सही-शिक्क्यासकट."

लिहून दिलं नाही. सिस्टीममध्ये आहे म्हणाला, वरून आलंय म्हणाला, शेवटी वॉचमनला बोलावलं. वॉचमनने टोपली उचलून जिन्यात ठेवली. दोन बोंबील पायरीवर पडले. ते मी उचलले, परत वर गेले, आणि तक्रारीवर पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

दंड अजून परत आलेला नाही. जास्तीचे पैसे मीही भरले नाहीत. दंड कापून घेणार असतील तर भरणारही नाही. होडी वर ओढली गेली आणि देणं घरात तसंच आहे. सासू म्हणते, असं कधी झालं नव्हतं. खरंच नव्हतं झालं. रात्रंदिवस टोचतं.

बाजारातल्या आणखी सात जणींचे फ्लॅट याच कंपनीच्या कर्जावर आहेत. सगळ्यांना कागद काढायला लावलेत. चौघींनी दंड भरलाय, माफीही मागितलीय.

सोमवारी आम्ही जाणार आहोत. साडी बदलणार नाही. हात धुणार नाही. टोपल्या त्याच्या टेबलावर ठेवू, आणि दंड परत मिळेपर्यंत उचलणार नाही.