दक्षिणवाल्या काकांचे मेव्हणे

काकूंना सख्खा भाऊ एकही नव्हता, पण दक्षिणवाल्या काकांना मेव्हणे चौदा होते. गणपतीच्या कार्यक्रमाला ते कुटुंबाच्या पासवर वफ्राच्या शेतांवरचे मजूर घेऊन येत आणि दारातल्या स्वयंसेवकाला सांगत, "हे सगळे मेव्हणे. बायकोचं माहेर मोठं आहे, मी काय करू?"

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळात प्रत्येक विभागाचा एक प्रतिनिधी असतो. मंगफ, शुऐबा आणि पार वफ्रापर्यंतचा दक्षिण विभाग काकांचा. बाकीचे प्रतिनिधी वर्गणीपुरते फिरत. काका दर शुक्रवारी वफ्राला जात. पॉलिहाऊसच्या उकाड्यात उभं राहून कुणाचा पासपोर्ट मालकाने अडकवलाय, कोण आजारी आहे, ते मला लिहून घ्यायला लावत. "तू आपल्यातली पहिली कॉलेजवाली. अक्षर चांगलं काढ." मग सभेत ते सगळं मोठ्याने वाचत. मंडळाच्या ओळखीने दोघातिघांचे पासपोर्ट सुटलेही.

माझे बाबा वेल्डर. आई आणि मी येण्याआधी ते नऊ वर्षं शुऐब्याच्या मजुरांच्या कॅम्पात एकटे राहिले. काकांचे सर्वांत जुने मेव्हणे तेच.

काका यंदा कायमचे नाशिकला गेले, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.

गेल्या वर्षी सभेपुढे ठराव आला: ज्याचं कुटुंब इथे राहतं तोच सभासद; वफ्रा आणि कॅम्प विभागातून वगळावेत. कारण काय, तर कार्यक्रमाचा दर्जा. एक बाई म्हणाल्या, "वास येतो हो त्यांचा. मुलं घाबरतात." त्यांच्या फ्रिजमधल्या काकड्या त्याच हातांनी तोडलेल्या असतील. मला आजही किळस येते, पण त्या वासाची नाही.

काका व्यासपीठावर उभे राहून म्हणाले, "कुटुंब आणण्याएवढा पगार नाही, हा त्यांचा गुन्हा का? मग त्यांच्यासाठी बोलणार कोण?"

अध्यक्ष हसले. "काका, तुमचं सासर फारच वाढलंय."

सगळा हॉल हसला. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. दुसऱ्या रांगेत बाबांचाही हात वर होता. पूर्ण नाही, कोपरापासून, चोरट्यासारखा. घरी विचारलं तर म्हणाले, "आत्ता कुठे ही माणसं आपल्याला चहाला बोलावतात." मी ताटावरून उठले. पण खरं सांगायचं तर सभेत मीही तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी काका स्वतःच सांगायला वफ्राला गेले. मीही गेले, या वेळी वही न घेता.

"मंग तुमी येणार न्हाई का आता?" एकाने विचारलं.

"येणार की. पण तिकडे सभेत तुमचं नाव काढता येणार नाही मला."

मग त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "काका, आपल्या दक्षिणेतल्या कुनी हात वर केला का?"

मी जमिनीकडे बघत राहिले.

"गर्दी होती रे," काका सहज म्हणाले. "हात दिसले, तोंडं नाही दिसली."

सभेत ते आमच्या अगदी समोर उभे होते. बाबांनी हात वर केला तेव्हा त्यांनी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं होतं.