डाव्या हाताचा खांब

गोदामात तिला सगळे पिवळी मावशी म्हणत. नखांच्या कडांत, चपलेच्या पट्ट्यावर, कधी कधी तर केसांतसुद्धा पिवळा रंग लागलेला असायचा, मग दुसरं काय म्हणणार? तिची काही तक्रार नव्हती. घरी आपल्याला कोणी एवढ्या प्रेमाने हाक मारत नाही, असं ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कंबर मोडणारं. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांच्या वाटेशेजारून माणसंही चालतात, बसतात, काम करतात. या दोघांच्या मध्ये लोखंडी कठडा असतो. जमिनीत बोल्टांनी आवळलेले जाड खांब आणि त्यांना जोडणारे आडवे बीम. ते उभे करायचे, आवळायचे, धक्का लागलेला भाग काढून नवा बसवायचा आणि सगळ्याला पिवळा रंग द्यायचा, म्हणजे झोपेत चालणाऱ्यालाही दिसावं. सुरुवातीला तिच्या हातातला लांबलचक पाना बघून तिथले पुरुष गालातल्या गालात हसत. मग एकदा तिने त्यातल्या एकाला आपण आवळलेला बोल्ट सोडवायला सांगितलं. बिचारा घामाघूम झाला, बोल्ट काही हलला नाही, आणि हसण्याचा विषय तिथेच मिटला.

हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट बजावून सांगे. कठडा एक धडक खातो. वाकलेला बीम नंतर कितीही चांगला दिसला, तरी दुसऱ्या धडकेला तो टिकेलच याचा भरवसा नाही. म्हणून वाकलं की बदलायचं. ठोकून सरळ करायचं नाही, आणि रंग फासून झाकायचं तर मुळीच नाही. आता हे सांगणारी बाई स्वतः काय करत होती, ते ऐका.

तिचा नवरा त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याला सगळे कप्तान म्हणत, आणि ते त्याला फार आवडे. उंच रचलेला माल तो असा अलगद खाली आणायचा, की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. नवे ड्रायव्हर त्याच्याकडे शिकायला येत आणि तोही मग जरा जास्तच मान ताठ करून बसे. घरात मात्र या कप्तानाला स्वतःचा टॉवेल सापडत नसे, पण ते सगळ्यांच्याच घरी असतं.

पॅकिंगच्या टेबलांपाशी एक अडचणीचं वळण होतं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला कठड्याचा कोपऱ्यातला खांब, आणि कठड्याच्या पलीकडे पॅकिंगच्या बायका. त्यात पहिल्याच टेबलाशी बसे ती कप्तानाची धाकटी बहीण, म्हणजे मावशीची नणंद. तोंडाची टकळी अखंड चालू, पाठ कठड्याला टेकलेली आणि पिशवी बीमला टांगलेली. पिशवी टांगू नको म्हणून मावशीने तिला किती वेळा सांगितलं असेल, पण नणंदेने भावजयीचं ऐकलंय कुठे!

तर या खांबावर ओरखडे दिसू लागले. खाली, चाकाच्या उंचीला. मावशीने आधी नव्या पोरांना फैलावर घेतलं. पोरं शपथा घ्यायला लागली, तरी तिचा विश्वास बसेना. मग एका दुपारी ती पलीकडे बोल्ट तपासत वाकली होती, तेव्हा तिने डोळ्यांनी बघितलं. फोर्कलिफ्ट वळली, मागची बाजू खांबाला घासली, कर्र आवाज झाला. ड्रायव्हर क्षणभर थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेला. ड्रायव्हर तिचा नवरा होता.

 एका घटकेत घरातल्या सगळ्या गोष्टी तिला उमगल्या. डावीकडे ठेवलेला चहाचा कप तो हमखास पाडायचा आणि वर तिच्यावरच चिडायचा, वस्तू कुठेही ठेवतेस म्हणून. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा रोज आपटायचा. यावरून दोघांची कितीतरी भांडणं झाली होती. त्याला डावीकडचं दिसतच नव्हतं, आणि ही वेडी त्याला वेंधळा म्हणत होती.

तिने साहेबांना सांगायला हवं होतं. नवा खांब मागितला असता तर कोणी ठोकला हा प्रश्न आला असता, आणि उत्तर दिलं असतं तर त्याची गाडी गेली असती. गाडी गेल्यावर हा माणूस काय करणार, हेच तिला सुचेना. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, हे सरळच सांगून टाकतो. म्हणून ती सकाळी सगळ्यांच्या आधी येई, ओरखडा घासे, खड्ड्यात रंगाऱ्याची लांबी भरे आणि वरून पिवळा हात मारे. पाळी सुरू होईपर्यंत खांब कोरा करकरीत. असं एकदा झालं, मग दुसऱ्यांदा झालं, आणि मग तिच्या अंगवळणीच पडलं.

एका सकाळी रंगाचा डबा घेऊन ती वाकली आणि सवयीने खांबाला हात लावला. खांब हलला. तिने बुडाशी बघितलं, तर बोल्टांभोवतीची फरशी तडकली होती. वर नवा कोरा रंग आणि खाली काही धरच नाही.

तेवढ्यात नणंद आली. पिशवी बीमला टांगली, पाठ टेकली आणि म्हणाली, "वहिनी, तुझा हा कठडा आहे म्हणून मी मागे वळूनसुद्धा बघत नाही बघ."

मावशीने तिला दंडाला धरून उठवलं. नणंद काय झालं, काय झालं करत राहिली, पण मावशीने सगळ्या बायकांना टेबलं भिंतीकडे सरकवायला लावली, वळणावर दोरी बांधली आणि तो खांब, तो बीम, सगळं सोडवून काढलं.  

जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. डबा उघडला नाही.

"मघाशी तुम्ही दारातून गेलात ना, मी डाव्या बाजूला उभी होते. हात केला तुम्हाला."

"बघितलं की," तो म्हणाला. "मी मान हलवली."

"नाही हलवलीत."

तो घास घेता घेता थांबला.  मग तिने खांबाचं आणि रंगाचं सांगितलं, फरशी तडकल्याचं सांगितलं, आणि तिथे रोज कोण पाठ टेकून बसतं तेही सांगितलं. बहिणीचं नाव निघताच त्याने डबा बाजूला ठेवला.

"मला कळायचं गं, घासलं की," तो हळूच म्हणाला. "रात्रभर झोप लागायची नाही. पण सकाळी येऊन बघावं तर खांब नवा. मला वाटायचं, कोणाला कळलं नाही, म्हणजे तेवढं काही नसेल. पुढे पुढे तर मी त्या रंगाची वाटच बघायचो."

इतके दिवस आपण याला सांभाळतोय असं तिला वाटत होतं.

दोघं उठून साहेबांकडे गेले. कप्तानाने किल्ली टेबलावर ठेवली आणि तिने रंगाचं सगळं कबूल केलं. साहेब चांगलेच तापले, आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? तिच्या कामावर काही महिने दुसऱ्याची नजर ठेवली गेली. तिने ते मुकाट्याने सोसलं. नणंद मात्र आठवडाभर बोलली नाही. त्या तोंडाला आठवडाभर कुलूप लागलं, यावरूनच तिला काय वाटलं असेल ते समजा.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं हळूहळू जातं, गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंबांवर राखता येईल. थोडं आधी आला असतात तर जास्त राखता आलं असतं, असंही ते सहज बोलून गेले. परतताना रस्त्यावर त्यानेच तिचा हात धरला आणि तिला आपल्या डाव्या बाजूला घेतलं.

गाडी कायमची सुटली. काही दिवस तो घरात नुसता बसून होता, आणि ते बघणं तिला फार जड गेलं. मग साहेबांनीच त्याला तिच्या हाताखाली दिलं. कप्तान बायकोचा मदतनीस झाला, यावर गोदामात हसून हसून लोकांची पोटं दुखली. तो त्या हसण्यात सामील झाला, पण पहिले काही दिवस त्याचं हसू ओठांपुरतंच होतं.

वळणावर नवी फरशी ओतली, नवा खांब उभा केला. त्याने खांब ओळंब्यात धरला, तिने बोल्ट आवळले. बीम चढल्यावर त्याने स्वतः रंग दिला, सावकाश, एकही थेंब न सांडता. रंग वाळल्यावर नणंद पिशवी घेऊन आली, कठड्यापाशी घुटमळली.

"दादा, टेकू?"

त्याने आधी पाना घेऊन एकेक बोल्ट बघितला. मग खांद्याचा सगळा भार बीमवर टाकून रेटलं. काही हललं नाही.

"टेक," तो म्हणाला. "पिशवी खाली ठेव."

मग तो बायकोकडे वळला. ती रंगाचा डबा बंद करत होती.

"याला कोणी ठोकलं, तर आधी येऊन मला सांगायचं," तो म्हणाला. "मी बघेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि ब्रश त्याच्या हातात देऊन पुढच्या खांबाकडे गेली.